आवाज येण्याआधी

चि. मनू,

तू पाठवलेलं गाणं ऐकलं. आधी मोबाईलवर, मग मामीने दटावलं म्हणून हेडफोन लावून, आणि रात्री हॉलमधल्या जुन्या स्पीकरवर. चाल छान झाली आहे. अंतऱ्यात कोमल निषादावर तू जी रेंगाळतेस, ती जागा मला फार आवडली. पण तू विचारलंस ते चालीबद्दल नाहीच. गाणं ॲपवर चढवणाऱ्या मंडळींनी तुला कळवलंय की सुरुवातीचं ४२ सेकंदांचं म्युझिक काढा, ५ सेकंदांत आवाज आला पाहिजे, नाहीतर लोक अंगठ्याने सरकवून पुढे जातात. त्यावर तुझा एका ओळीचा मेसेज: "मामा, कापू का?"

उत्तरही एका ओळीत देता आलं असतं. पण उमेदीची सगळी वर्षं ऑर्केस्ट्रात की-बोर्डमागे काढलेल्या माणसाला तू हे विचारलंस. गाणारे पुढे येऊन टाळ्या घेतात. त्याआधीचा जो वेळ असतो तो आम्हा वाजवणाऱ्यांचा. शिवाय फोनवर तू "हो मामा, हो मामा" करत दुसरंच काहीतरी उरकत असतेस. म्हणून हे पत्र.

आधी त्या मंडळींची बाजू. ते काही उगाच सांगत नाहीत. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एका संशोधकाने १९८६ ते २०१५ या काळात तिथे पहिल्या दहांत गेलेली गाणी घड्याळ लावून तपासली. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला आवाज यायला सरासरी २० सेकंदांहून जास्त लागायचे. २०१५ पर्यंत ते ५ सेकंदांवर आलं. दुसरी गोष्ट, स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की ते 'ऐकलं' म्हणून धरतात. म्हणजे तुझं ४२ सेकंदांचं म्युझिक कुणी चिकाटीने ऐकत बसलं, तर तुझा आवाज यायच्या आधीच तुझं गाणं ऐकून झालेलं असेल! हिशेबाला ते चालतं. पण तेवढा थांबणारा माणूस मिळत नाही, ही त्यांची अडचण.

मात्र यंत्राने गाण्याला कात्री लावली, असं काही पहिल्यांदा घडत नाहीये. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. मैफलीत नुसत्या आलापात माणसाला तासभर बसवून ठेवणारे गवई त्या तीन मिनिटांपुढे उभे राहिले. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणं ऐक. तंबोरा कानाशी येतो न येतो तोच खाँसाहेबांचा सूर लागलेला असतो. केसरबाई केरकरांची 'जात कहां हो' ही भैरवी तर साडेतीन मिनिटांची. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर भारतातलं संगीत म्हणून तीच गेली. पलीकडे कुणी असलंच, तर भारतीय गाणं साडेतीन मिनिटांत आटोपतं असा त्याचा समज होणार. आपल्याकडच्या ध्रुपदियांची नोम-तोमची लांबलचक आलापी त्याने ऐकली, तर तो थक्कच होईल.

गौहर जानची गोष्ट तुला सांगितली होती का? १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने तिचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपता संपता ती स्वतःचं नाव इंग्रजीत ठणकावून सांगते. तबकड्या छापायच्या जर्मनीत. लेबलावर कुणाचं नाव घालायचं ते तिथल्या कामगाराला कळावं, म्हणून ही सोय. एवढ्या टंचाईतही बाईने नावापुरती जागा राखली. हे लक्षात ठेव, याबद्दल मला पुढे बोलायचंय.

मग बोलपट आला आणि गाण्याला थांबायला कारण मिळालं. नायिका जिना उतरून खिडकीशी पोचेपर्यंत काहीतरी वाजायला हवं. नायक गाडी थांबवतो, दार उघडतो, झाडाला टेकतो, तोवर व्हायोलिनं चालू. तबकडीवर मात्र तेच गाणं छाटून यायचं, कारण तबकडीची मिनिटं तेवढीच. सिनेमात ऐकलेलं कडवं किंवा पीस घरच्या रेकॉर्डवर नाही, ही तक्रार माझ्या वडिलांच्या पिढीने कायम केली. दोन आवृत्त्या असायच्या, आणि त्यात कुणाला काही कमीपणा वाटत नसे.

थांबवण्याची कमाल बघायची असेल तर 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' ऐक. १९४९ सालचा, बॉम्बे टॉकीजचा चित्रपट. संगीत खेमचंद प्रकाश. गाणं सुरू झालंय असं वाटतं, पण सुरू झालेलं नसतं. लताबाई गातायत, शब्द आहेत, चालही आहे, पण ठेका नाही. एकेक ओळ अधांतरी येते आणि विरून जाते. ठेका नसला की ऐकणाऱ्याला मान डोलवता येत नाही, तो नुसता कान देतो. आणि मग ठेका धरून मुखडा येतो तेव्हा इतका वेळ आपण श्वास आवळून बसलो होतो हे कळतं. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटावं म्हणून लताबाईंना माइकपासून दूर उभं करून गात गात पुढे यायला लावलं, असं सांगतात. आता तू म्हणशील, आवाज तर पहिल्यापासून आहे, मग याला इंट्रो कसं म्हणायचं? हेच तर मला म्हणायचंय. आवाज कधी येतो हे सेकंदांत मोजता येतं, गाणं कधी सुरू होतं हे तसं मोजता येत नाही. आणि गंमत म्हणजे त्या तबकडीवर पहिल्यांदा गायिकेचं नाव होतं कामिनी. ते सिनेमातल्या पात्राचं नाव. ही कोण गातेय म्हणून श्रोत्यांनी रेडिओला पत्रं लिहिली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांपर्यंत पोचलं.

हे मधलं-आधलं म्युझिक लिहायचं कोण? पडद्यावर संगीतकाराचं नाव मोठ्या अक्षरात. त्यामागे बहुतेक वेळा गोव्याचा कुणीतरी. शंकर-जयकिशनकडे सॅबॅस्टियन डिसोझा. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्टाफ नोटेशन शिकवत. ती पोरं मोठी होऊन मुंबईला आली आणि कागदावर टिंबं मांडून त्यांनी व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा एका दमात वाजवून घेतल्या. आपला ठेका-सूर आणि त्यांची हार्मनी यांचा जो संसार झाला, तो सगळ्यात स्पष्ट दिसतो गाण्याच्या सुरुवातीला, कारण तिथे गायक मध्ये येत नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 'अमर अकबर अँथनी'त अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन गाण्याआधी जे काही अगडबंब इंग्रजी फेकतो, ते आठवतं ना? तोही इंट्रोच, आणि त्या गाण्यातलं नाव प्यारेलालजींच्या गुरूंचं. सबंध हिंदुस्थान ते नाव घेऊन नाचला आणि माणूस कोण, ते फार थोड्यांना ठाऊक.

'नागिन'चंही तसंच. १९५४ साल, संगीत हेमंतकुमारांचं. 'मन डोले'च्या सुरुवातीला आणि मधे वाजते ती पुंगी खरी पुंगी नव्हेच. कल्याणजी क्लेव्हायोलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर बसले होते आणि रवी हार्मोनियमवर; पुढे दोघेही संगीतकार म्हणून नावारूपाला आले. आता कुठल्याही वरातीत जा. बँडवाला ती धून काढतो, कुणीतरी रुमाल दातात धरतो, कुणीतरी सूट-बूट घालून डांबरी रस्त्यावर लोळतो. त्यातल्या किती जणांना कडव्याचे शब्द येतात? गाणं मागे राहिलं आणि म्युझिक पुढे निघून गेलं. तुझ्या त्या मंडळींनी हेमंतकुमारांना पाच सेकंदांची अट घातली असती, तर आपल्या लग्नांत अर्धी माणसं नुसती उभी राहिली असती.

ऑर्केस्ट्रातली एक खूण तुला सांगतो. आमचा कंडक्टर हात वर करून तर्जनी गोल गोल फिरवायचा. अर्थ: 'फिरवत राहा', गायिका अजून विंगेत आहे. सांगलीकडे एका गणेश मंडळाच्या कार्यक्रमात लावणी लागली होती आणि ऐनवेळी बाईंच्या पदराची पिन निसटली. ढोलकीवाल्याने चार मात्रांचा तुकडा धरला, मी त्यावर दोन सुरांचा खेळ लावला, आणि आम्ही फिरवत बसलो. लोकांना वाटलं हे असंच आहे. आधी शिट्ट्या, मग मागच्या रांगा उभ्या, मग एका आजोबांनी फेटा उडवला. ढोलकीवाला दर फेरीला एक बोल आधी तोडायचा, म्हणजे आता येणार, आता येणार असं वाटायचं, आणि पुन्हा गोल. बाई आल्या तेव्हा पहिली ओळ ऐकूच आली नाही, इतका गलका. पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी, दुसऱ्या एका गायकासाठी आम्हाला असंच थांबावं लागलं. गाणं विरहाचं, म्युझिक म्हणजे लांब लांब स्वर. तर्जनी फिरत होती, आम्ही फिरवत होतो. थोड्या वेळाने पहिल्या रांगेतून आवाज आला, "अहो, हार्मोनियम जुळवून झालं असेल तर गाणं म्हणा की!"

दोन्ही वेळा वाजवणारे हात तेच. फरक होता तो म्युझिकच्या आत. एकात काहीतरी येऊ घातलं होतं, दुसऱ्यात नुसता वेळ जात होता.

तमाशातल्या लोकांना हे फार आधीपासून माहीत आहे. गणाआधी ढोलकी-हलगीची सलामी झडते. हलगीवाला एक तुकडा टाकतो, ढोलकीवाला त्याला उत्तर देतो, आणि गावाच्या वेशीबाहेरचा माणूसही पावलं उचलतो. तिथे माणसं तंबूत येऊन बसेपर्यंत वाजवणं हेच काम. भजनी मंडळाचं पाहा. टाळ-मृदंगावर 'जय जय रामकृष्णहरी'चा गजर होतो, तेवढ्यात सगळ्यांचा सूर एक होतो, आणि मगच रूपाचा अभंग लागतो. याउलट आपली घरची गणपतीची आरती. इंट्रो शून्य. काका ताम्हणावर पळी आपटतात आणि कुठल्यातरी पट्टीत उचलतात, काकू दुसऱ्या पट्टीत, पोरं तिसऱ्याच. तिसऱ्या कडव्याला सगळ्यांचे गळे फाटतात. तेव्हा एका बोटाने पेटीवर षड्ज दाबून ठेवावा असं मला दरवर्षी वाटतं, पण तुझी आई म्हणते, "आरतीचा कार्यक्रम करू नकोस."

काहीच न वाजवता सुरू करण्यातही ताकद आहे, हे मी नाकारत नाही. बीटल्सचं 'कान्ट बाय मी लव्ह' १९६४चं. कडव्यापासून सुरू न करता थेट ध्रुवपदाने उघडावं, ही सूचना त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन याची. 'हे ज्यूड'मध्ये तर पहिला स्वर पॉल मॅकार्टनीच्या गळ्यातूनच येतो. आपल्याकडे १९६१च्या 'जंगली'त गाणं उघडतं ते 'याहू' या आरोळीने, आणि ती आरोळी रफीसाहेबांची नाही, प्रयाग राज यांची. आरोळीला इंट्रो कसला घालणार?

पण माझं आवडतं जोडपं वेगळंच आहे. दोन्हीकडे काच वाजते. १९७३, 'यादों की बारात', पंचमदा. 'चुरा लिया है'च्या तोंडाशी काचेची किणकिण आणि लगेच गिटार, ती भूपिंदरची. क्षणभर, बस्स! ऑर्केस्ट्रात आम्ही ग्लासवर चमचा मारायचो आणि पुढचा स्वर लागायच्या आत पब्लिकची दाद मिळायची. ही सेकंदांची काटकसर नव्हे. त्या काचेत पार्टी आहे, नायिका आहे, खट्याळपणा आहे, सगळं आहे. आणि १९७५चं पिंक फ्लॉइडचं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'. त्याच्याही सुरुवातीच्या सुरांत काच आहे. वाइनच्या ग्लासांच्या काठांवरून ओलं बोट फिरवून काढलेले आवाज त्यांनी आधीच्या एका प्रयोगातून उचलले. मग गिटारचे चार स्वर येतात, पुन्हा येतात, आणि आवाज लागायला साडेआठ मिनिटांहून अधिक वेळ जातो. तू ते कंटाळून बंद केलं होतंस, मला आठवतंय. ते गाणं कुणाबद्दल आहे ते आधी ऐक. सिड बॅरेट, त्यांच्यातलाच एक, बँड उभा करणारा. त्याचं मन ढासळलं आणि तो बाहेर पडला. त्याच्यावरच्या या रेकॉर्डचं काम चालू असताना जून १९७५मध्ये तो स्वतः स्टुडिओत येऊन उभा राहिला, भुवया भादरलेला, अंगाने सुटलेला, आणि जुन्या दोस्तांनी त्याला पटकन ओळखलंही नाही. जो माणूस जागेवर नाही त्याच्याबद्दलचं गाणं गळ्याने लगेच कसं सुरू होईल? माझ्या मते ती साडेआठ मिनिटं म्हणजे रिकामी खुर्ची आहे. त्यांतलं एक मिनिट काढलं, तर गाणं एक मिनिटाने लहान होणार नाही, ते दुसरंच गाणं होईल.

टेम्प्टेशन्सचं 'पापा वॉज अ रोलिंग स्टोन'ही तुला पाठवतो. १९७२, निर्माता नॉर्मन व्हिटफील्ड. लाँग प्लेवर जवळजवळ चार मिनिटं नुसता बास, झांजेची टकटक आणि वा-वा गिटार. पाच गायक गप्प. घरातून निघून गेलेल्या बापाची गोष्ट आहे, तेव्हा इथेही कुणीतरी नाहीच आहे. रेडिओसाठी त्याची कापलेली आवृत्ती काढली आणि ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. बघ, दोन आवृत्त्या.

लांब जायलाही नको. १९९८चा 'गारवा' तुझ्या आईने कॅसेट झिजेपर्यंत ऐकलाय. मिलिंद इंगळे गायला लागायच्या आधी सौमित्रच्या ओळी बोलल्या जातात. गाणं आहे आणि समोरचा माणूस गात नाही, बोलतोय! कागदावर कुणी दाखवलं असतं तर मीसुद्धा म्हटलं असतं, लोक थांबायचे नाहीत. लोकांनी तो बोललेला भाग गाण्यापेक्षा आधी पाठ केला. कॉलेजच्या गॅदरिंगला पोरं गाणं न म्हणता तेवढंच म्हणून बसायची.

आता तुझ्याकडे येतो. तुझे ४२ सेकंद मी वही घेऊन ऐकले. पहिले १६ सेकंद बासरी. काय वाजवते? तुझा मुखडा, जसाच्या तसा. मग तू येऊन तोच गातेस. म्हणजे जे सांगायचं ते बासरीने आधीच सांगून टाकलं. वाजवलंय गोड, पण ते काढ. मग संतूरची सर येते, ती तुझ्या सॉफ्टवेअरमधली. पावसाचं गाणं म्हटलं की संतूर, हे तुला कुणी सांगितलं? तेही काढ. मग व्हायोलिनं चढत जातात आणि तबल्याची तिहाई येऊन समेवर आपटते. ते ऐकून वाटतं, आता मोठं काहीतरी होणार, आणि तू येतेस कुजबुजल्यासारखी. तिहाईने केलेला वायदा तुझ्या गळ्याला पाळायचाच नाहीये. तेव्हा तीही नको.

पण या सगळ्यामध्ये, साधारण तिसाव्या सेकंदाला, एक जागा आहे. सगळं थांबतं, फक्त तंबोरा उरतो आणि तू श्वास घेतेस. तो श्वास माइकने पकडलाय. तू बहुधा तो साफ करायला विसरलीस. अजिबात साफ करू नकोस. गाणं तिथे सुरू होतं. तंबोरा चार-पाच झंकार एकटा वाजू दे, मग श्वास, मग तू. माझ्या घड्याळाने हे ११-१२ सेकंद होतात. पाचांत बसत नाही, ते बसवायचा आटापिटा नको. त्या मंडळींना नम्रपणे कळव की आवाज पहिल्या पंधरा सेकंदांच्या आत येतोय. हट्टच धरला, तर त्यांना रीलसाठी मुखड्यापासूनचा तुकडा वेगळा करून दे. 'पापा'वाल्यांनी केलं ते तू केलंस तर काही बिघडत नाही.

आणि कार्यक्रमात गाशील तेव्हा बासरीला परत बोलाव, मात्र मुखडा वाजवायला नको. तुझ्या अंतऱ्यातल्या त्या कोमल निषादाभोवती तिला दोन आवर्तनं मोकळं सोड. तो स्वर लोकांच्या कानात आधीच पेरलेला असला की तू पुढे त्यावर थांबशील तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यागत वाटेल. विंगेतून माइकपर्यंत यायलाही तुला तेवढा वेळ लागतोच. गेल्या वेळी धावत आलीस आणि पहिल्या ओळीला धाप लागली होती.

नवी फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस. ड्राइव्हवर टाक आणि लिंक दे, मामी उघडून देईल. शेवटचं, गाण्याखाली नावं लिहिशील तिथे तबला आणि तंबोरा कुणाचा ते लिही, मिक्सिंग कुणी केलं ते लिही, आणि बासरीवाल्याचंही नाव घाल. त्याचा पीस काढलास तरी तो दुपारभर स्टुडिओत बसला होता. पैसे दिलेस ना त्याचे?

तुझा,
मामा